टॅबलेट आपला, ब्राउझर कुणाचा?

लातूरला आत्याकडे गेलं की दोन गोष्टी ठरलेल्या. जेवताना "अजून एक भाकर घे की रे" आणि जेवण झाल्यावर "हे जरा बघ, काय झालंय याला". आयटीत नोकरी करणाऱ्या प्रत्येक पोराच्या नशिबी हे असतंच. प्रिंटर, टीव्हीचा रिमोट, व्हॉट्सॲपचा बॅकअप... आपण सगळ्यातले तज्ज्ञ! :)

पण २०२५ च्या जुलैत आत्याचा फोन आला तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

आतेबहिणीनं नीट दुसऱ्यांदा दिली होती. लातूरच्या भाषेत 'रिपीटर'. वर्षभर ट्यूशन, अभ्यासिका आणि घर, एवढंच तिचं जग. मार्क बऱ्यापैकी आले. पुढची पायरी म्हणजे राज्याच्या प्रवेशासाठी सीईटी सेलकडे नोंदणी. तिनं टॅबलेट घेतला, त्यात कंपनीनंच टाकून दिलेला ब्राउझर उघडला, शोधायच्या पट्टीत दोन शब्द लिहिले आणि सगळ्यात वरची लिंक दाबली. पानावर सरकारी वाटेल असा लोगो, निळा पट्टा, वर सरकणारी "महत्त्वाची सूचना". नाव, मोबाईल, मार्क, प्रवर्ग, सगळं भरलं. १,४९९ रुपये गेले. "रजिस्ट्रेशन सक्सेसफुल." आत्यानं देवापुढं साखर ठेवली.

चार दिवसांनी मैत्रिणीनं विचारलं, "तुझी कागदपत्रं अपलोड झाली का?" कसली कागदपत्रं? हिला पुढं काही आलंच नव्हतं. आले होते ते फक्त फोन. "मॅनेजमेंट कोट्यातून सीट बघताय का?" मग उलगडा झाला. ती साइट सीईटी सेलची नव्हतीच. सगळ्यात वरची लिंक म्हणजे जाहिरात होती. आणि खऱ्या नोंदणीच्या शेवटच्या तारखेला दोन दिवस उरले होते.

रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी लातूरला उतरलो. खरी साइट उघडली, खरी नोंदणी केली, कागदपत्रं चढवली. झालं वेळेत. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चहा पिता पिता आतेबहीण सहज म्हणाली, "दादा, टॅबलेट तर तूच सेट करून दिलतास ना?"

ती टोमणा मारत नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

हो, मीच करून दिला होता. आदल्या दिवाळीत. मला नीट आठवतंय, गंजगोलाईतून स्क्रीनगार्ड आणला होता आणि त्याखालचे हवेचे बुडबुडे काढण्यात मी अर्धा तास घालवला होता. एकही बुडबुडा राहू दिला नाही! कव्हर घातलं, वायफाय जोडलं, क्लासचं ॲप टाकलं. आणि ब्राउझर? जो आलाय तो. राहू दे की, काय फरक पडतो?

आजचं हे सगळं लिखाण त्या "काय फरक पडतो" बद्दल आहे. माझं म्हणणं सरळ आहे. टॅबलेटवर आलेला ब्राउझर तसाच ठेवणं म्हणजे तटस्थ राहणं नाही. निवड झालेलीच असते, फक्त ती दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या फायद्यासाठी केलेली असते. आणि आपण इंजिनिअर लोक, ज्यांना हे कळतं, तेच घरच्यांना त्या निवडीच्या हवाली करून पुण्याला परत येतो.

पटत नाही? मग आकडा बघा. अमेरिकेच्या सरकारनं गुगलवर मक्तेदारीचा खटला भरला. त्या खटल्यात २०२३ मध्ये उघड झालं की आपलं सर्च इंजिन इतरांच्या ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये 'डिफॉल्ट' राहावं यासाठी गुगलनं एकट्या २०२१ या वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. अब्ज. डॉलर. पर्याय सगळ्यांना उपलब्ध होतेच, कुणाचे हात कुणी बांधले नव्हते. सेटिंगमध्ये जाऊन चार ठिकाणी दाबलं की बदलतं. तरी एवढे पैसे का? कारण त्यांना पक्कं ठाऊक आहे की तुम्ही-आम्ही सेटिंगमध्ये जात नाही. ज्याला आपण "काय फरक पडतो" म्हणतो त्याची बाजारातली किंमत ही आहे. ५ ऑगस्ट २०२४ ला कोर्टानं गुगलनं मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. पुढं सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकायला लावण्याची मागणी मात्र कोर्टानं फेटाळली. म्हणजे कोर्ट येऊन तुमच्या आत्याचा टॅबलेट सेट करून देणार नाही. ते तुम्हालाच करायचंय.

आपल्याकडं काय झालं? भारतीय स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ ला अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. नवीन फोन किंवा टॅबलेट सुरू करताना माणसाला सर्च इंजिन निवडता आलं पाहिजे असंही सांगितलं. गुगलनं जानेवारी २०२३ मध्ये तसं करू म्हणून जाहीर केलं. चांगलं झालं. पण हे सर्च इंजिनपुरतं, ब्राउझरचं काय? युरोपात ७ मार्च २०२४ पासून नवा कायदा पूर्ण लागू झाला आणि तिथं ब्राउझर कुठला हवा हे विचारणारा पडदा दाखवणं गुगल-ॲपलला बंधनकारक झालं. तिथल्या लोकांनी हे आधीही केलंय. २०१० मध्ये विंडोजवर असाच पडदा दाखवायला लावला होता. मायक्रोसॉफ्ट मध्येच तो दाखवायला "विसरलं", तर २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंड ठोकला. युरोपातल्या म्हातारीला टॅबलेट विचारतो, "आजीबाई, ब्राउझर कुठला?" आपल्या आत्याला कुणी विचारत नाही. मग विचारायचं काम घरातल्या इंजिनिअरचं.

हे दुखणं नवीनही नाही. मी शाळेत असताना नांदेडच्या नेट कॅफेत इंटरनेट म्हणजे तो निळा 'ई'. दुसरा काही असतो हेच माहीत नव्हतं. सरकारी साइटच्या तळाशी लिहिलेलं असायचं की ही साइट इंटरनेट एक्सप्लोररवरच नीट दिसेल. मराठी पेपरांच्या साइटही आपापला फॉन्ट घेऊन यायच्या. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बातमीच्या जागी अगम्य चिन्हांची खिचडी. तो एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण सवय गेली नाही. फक्त 'ई'च्या जागी दुसरं चित्र आलं.

मग मोबाईल आला आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक पोराच्या फोनवर यूसी ब्राउझर आला. तेव्हा टूजी होतं, डेटा महाग होता, यूसी पानं बारीक करून आणायचा. निवड कारणानं झाली होती, चूक नव्हती. पण मे २०१५ मध्ये टोरांटोच्या सिटिझन लॅबनं दाखवून दिलं की तो माणसाची ओळख आणि ठिकाण सांगणारी माहिती कच्च्या पद्धतीनं बाहेर पाठवत होता. आपण वाचलं? नाही. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, म्हणजे यूसी वापरायचं कारणही संपलं. आपण काढला? नाही. शेवटी २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात तो गेला. पुन्हा निर्णय आपला नव्हताच.

आणि आता टॅबलेटची वेळ आहे. लातूर-नांदेडच्या ट्यूशनवाल्या पोरांच्या पाठीवरच्या पिशवीत टॅबलेट असतो. महाज्योतीसारखी सरकारी संस्था जेईई, नीट, सीईटीच्या प्रशिक्षणासाठी निवडलेल्या विद्यार्थ्यांना टॅबलेट आणि रोज ६ जीबी डेटा देते. योजना चांगलीच आहे. पण यंत्र पोचलं, डेटा पोचला की काम झालं असं आपण सगळेच समजतो. फोनपेक्षा टॅबलेटवर ब्राउझरचं काम जास्त पडतं. फॉर्म, हॉलतिकीट, निकाल, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं ब्राउझरमध्ये. पोरांच्या आयुष्यातली महत्त्वाची पानं ज्या खिडकीतून दिसतात ती खिडकी कुणी बसवली, हे कुणीच विचारत नाही.

आता एक कबुली. बातम्यांच्या किंवा खरेदीच्या साइटवर गेल्या गेल्या "आम्हाला नोटिफिकेशन पाठवू द्याल का?" असं विचारणारी चौकट येते ना? तसली एक चौकट मी स्वतः लिहिलेली आहे. पहिल्या नोकरीत. "पहिल्याच भेटीत दाखव, 'अलाउ' मोठं ठेव, नकाराचं बटण फिकं ठेव" असं सांगण्यात आलं, आणि मी केलं. आमच्याकडं त्याला 'एंगेजमेंट' म्हणायचे. आकडा वाढला तेव्हा टीमला पिझ्झा मिळाला. आत्याच्या टॅबलेटवर त्या दिवशी वर येत होतं, "तुमच्या टॅबलेटमध्ये १३ व्हायरस सापडले". ते कुठून आलं असेल? कुठल्यातरी चौकटीत कुणीतरी 'अलाउ' दाबलेलं. पिझ्झा आम्ही खाल्ला, बिल लातूरला गेलं.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ. मित्रांशी वाद घालून घालून मला पाठ झालेत.

"क्रोम फास्ट आहे, सगळं त्यात चालतं." मान्य. ऑफिसात मीही तोच वापरतो. विचार करून क्रोम निवडला असेल तर माझं काही भांडण नाही. पण अँड्रॉइडच्या टॅबलेटवरच्या क्रोमला एक्स्टेंशन लावता येत नाहीत. म्हणजे जाहिराती गाळणारी चाळणी बसवायची सोय नाही. फायरफॉक्सनं डिसेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवर एक्स्टेंशनचं दार पूर्ण उघडलं, यूब्लॉक ओरिजिन आरामात चालतं. ब्रेव्हमध्ये चाळणी आधीच बसवलेली येते. आणि "सगळं क्रोममध्ये चालतं" कारण आपण डेव्हलपर फक्त क्रोममध्ये तपासतो. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंगचा ब्राउझर, सगळ्यांच्या पोटात एकच क्रोमियम. फायरफॉक्सचं इंजिन तेवढं वेगळं. आयपॅडवाल्यांनी हसू नये. भारतातल्या आयपॅडवर कुठलाही ब्राउझर टाका, आत ॲपलचं वेबकिटच असतं.

"फायरफॉक्सला पण गुगलच पैसे देतं." खरंय. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुगलला डिफॉल्ट ठेवण्याच्या करारातूनच येतो. म्हणून कुणाचा भक्त व्हायचं कारण नाही. फायरफॉक्स टाकला तरी सर्च इंजिन कुठलं हे बघायचंच. फायरफॉक्सचा झेंडा लावा असं मी म्हणतच नाहीये. निवडा, एवढंच म्हणतोय.

"जाहिराती बंद केल्या तर साइटवाले जगणार कसे?" हा एकमेव आक्षेप मला खरोखर टोचतो. जो पेपर रोज वाचता त्याच्यासाठी चाळणी बंद करा, जमलं तर वर्गणी भरा. पण सरकारी फॉर्मचं सोंग घेऊन पोरीचे १,४९९ रुपये नेणाऱ्या जाहिरातीचं मी काही देणं लागत नाही.

"घरच्यांना हे झेपत नाही रे." याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. अरे, २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात माझी आत्या घरातल्या प्रत्येक घागरीचा हिशेब ठेवत होती, प्यायचं कुठलं, वापरायचं कुठलं. टँकरच्या पाण्याला वास आला तर परत पाठवायची. त्या बाईला 'अलाउ' आणि 'ब्लॉक' मधला फरक कळणार नाही? कळतो. आपल्याला समजावून सांगायचा कंटाळा असतो, आणि तो आपण तिच्या नावावर खपवतो.

लातूरहून मी एसटीनं नांदेडला घरी गेलो. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांचा टॅबलेट २०२० च्या लॉकडाउनमध्ये घेतलेला, अँड्रॉइड ९. सकाळी चहासोबत पाच-सहा पेपर वाचायचे, हा नेम. त्यांनाही दिवसभर "तुमचं खातं बंद होणार आहे" वगैरे यायचं.

"बाबा, तुम्ही कुठं काही अलाउ केलं होतं का?"

"मी कशालाच हो म्हणलो नाही."

सेटिंग उघडून दाखवलं. ३७ साइटना परवानगी दिलेली. बाबा चष्मा पुसून दोनदा बघत राहिले. ते खोटं बोलत नव्हते. बातमी वाचायच्या आड एक चौकट येते, ती बाजूला करायला जे मोठं बटण दिसतं ते दाबायचं, एवढंच त्यांनी केलं होतं. ते मोठं बटण कोण काढतं हे मी वर सांगितलंच आहे.

मग या वेळी बुडबुडे काढायचे तसे नेटानं बसलो. काय केलं ते लिहितो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. एकूण अर्धा तास लागतो.

१. आधी टॅबलेटची अँड्रॉइड आवृत्ती बघितली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १३९ पासून त्याला किमान अँड्रॉइड १० लागतं. म्हणजे बाबांच्या टॅबलेटवर क्रोम उघडणार, चालणार, पण त्याला नवीन सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नाहीत. फायरफॉक्स अँड्रॉइड ९ वर अजून अपडेट होतो. अँड्रॉइडच जुनं राहिल्याचा धोका यानं जात नाही, पण निदान ब्राउझर तरी ताजा. जुना टॅबलेट असेल तर निवड इथंच निम्मी होते.

२. नवीन ब्राउझर टाकला आणि सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, ब्राउझर ॲप असं जाऊन तो डिफॉल्ट केला. हे केलं नाही तर व्हॉट्सॲपवरची लिंक जुन्याच ठिकाणी उघडते आणि सगळी मेहनत वाया.

३. कंपनीचा ब्राउझर काढता येत नव्हता, तर 'डिसेबल' केला. होम स्क्रीनवरून त्याचं चित्रही हटवलं.

४. नोटिफिकेशनची परवानगी मागणंच बंद केलं, सगळ्या साइटसाठी. बातमी बघायची असेल तर आपण जाऊ. तिनं दार वाजवायची गरज नाही.

५. यूब्लॉक ओरिजिन टाकलं. सर्च इंजिन बाबांना विचारून ठेवलं.

६. बुकमार्क. हे सगळ्यात महत्त्वाचं. बँक, वीजबिल, पेन्शन, जे जे लागतं त्याचा पत्ता एकदा खात्री करून घेतला आणि पहिल्या पानावर लावला. "पत्त्यात जीओव्ही डॉट इन असेल तरच खरं" हा सल्ला पुरेसा नाही. आपल्या सीईटी सेलचीच साइट महासीईटी डॉट ओआरजी वर आहे, आणि ती अस्सल आहे. म्हणून फॉर्मची साइट शोधायची नाही, बुकमार्कवरून उघडायची. नियम एवढाच.

७. घरातले चार जण वापरतात म्हणून बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवले नाहीत.

आतेबहीण फायरफॉक्स वापरत असती तर फसली नसती, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. चाळणीतूनही खडे निसटतात. पण वरची सहावी गोष्ट मी दिवाळीत केली असती, तर तिला त्या दिवशी काही शोधावंच लागलं नसतं. पाच मिनिटांचं काम. स्क्रीनगार्डला मी तीस दिली होती.

बाबांना मी दोन्ही ब्राउझर शेजारी-शेजारी उघडून दिले आणि एकच पेपर दोन्हीकडं वाचायला सांगितला. एकात बातमी खालीवर उड्या मारत होती, मधूनच कुठल्यातरी गुडघेदुखीच्या तेलाचा व्हिडिओ सुरू झाला. दुसऱ्यात नुसती बातमी. बाबांनी जुनी खिडकी बंद केली आणि म्हणाले, "याच्यात वाचायला येतंय. हाच ठेव." पाच वर्षांत पहिल्यांदा त्या टॅबलेटवरचा ब्राउझर त्यांनी स्वतः निवडला होता. नंतर त्यांनीच विचारलं, "आपल्या नांदेडच्या पेपराच्या जाहिराती दिसू देता येतील का? त्यांचं पोट त्याच्यावर असतंय." येतात की. एक बटण दाबायचं. दाखवलं, त्यांनी दाबलं.

आणि म्हणे घरच्यांना झेपत नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा मिठाईचा डबा न्याच, पण अर्धा तास टॅबलेटसाठीही राखून ठेवा. आणि सोमवारी ऑफिसात कुणी म्हणालं की 'अलाउ'चं बटण अजून मोठं कर, तर निदान एकदा विचारा, "कशाला?" मीही आता विचारतो. पिझ्झा मिळत नाही. असो.

ता.क. आतेबहिणीचा नंबर दुसऱ्या फेरीत लागला. १,४९९ रुपये परत आलेले नाहीत. ते मी माझ्या स्क्रीनगार्डच्या खर्चात धरलेत.